तळ्यावरचं जाळं

आक्कानं ते जाळं आणलेलं नव्हतं. मी आणलं होतं.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात सांगावंसं वाटलं होतं. त्यांचे पाय दाबत बसलो होतो, शब्द ओठापर्यंत आले होते, तेवढ्यात त्यांनी पाणी मागितलं आणि मी द्यायला उठलो. परत येऊन बसलो तेव्हा धीर सरला होता. बायकोला सांगितलं नाही, कारण आमचं लग्न त्या गप्प बसण्यावरच उभं आहे. आणि आक्काला सांगायचा प्रश्न नव्हता. तिला माहीत होतं. घरात तिला एकटीला.

माघ सरत आला की माझं डोकं बिघडतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी म्हणतं पित्त, कुणी म्हणतं हवा बदलते. यंदा जरा जास्तच बिघडलं. आमच्या मुलानं साताऱ्यातल्या घरामागं तळं केलंय. तळं म्हणजे काय, पाचगणीच्या कुठल्याशा हॉटेलात बघून आलेला सिमेंटचा खड्डा, त्यात कमळाचे कंद आणि थोडे लाल मासे. वर शेजाऱ्यांचा बदाम. या दिवसांत बदामाची पानं तांबडीलाल होतात आणि वारा नसतानाही सुटी होऊन खाली येतात, पाण्यावर पालथी पडतात, दोन दिवस होडीसारखी तरंगतात आणि मग तळाशी जाऊन कुजतात. आठवडाभरात पाणी काढ्यासारखं झालं. मुलगा सकाळी दात घासत घासत बाहेर आला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही तर तळ्याच्या घरातले, पानं अडवायचा एखादा स्वस्तातला उपाय सांगा की, मला काही फार खर्च करायचा नाही.

मी म्हणालो, "एक बाई उभी कर पाण्यात. सगळ्यात स्वस्त."

ते असं काही म्हणालो की त्याचा ब्रश तोंडातच राहिला. बायको आतून बाहेर आली, अहो झालं काय एवढं, म्हणाली. काही झालं नव्हतं. मुलाचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी या कागदापाशी बसून आहे आणि माझा राग नेमका कुणावर आहे ते शोधतो आहे. यादी लांब आहे. शेवटचं नाव कुणाचं, ते मला माहीत आहे.

आमचं गाव पलूसजवळचं. आम्ही जैन, पण दुकानदार नव्हे, नांगर धरणारे. माझ्या आजोबांनी बस्तीच्या, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिराच्या, कुंपणासाठी घरामागच्या परड्यात दगड काढायला घेतला आणि खाली झरा लागला. मग दगड राहिला बाजूला; एका अंगाला पायऱ्या बांधल्या आणि तळं झालं. आत एक बैलगाडी उभी राहील एवढंच ते, पण पाणी असं गोड की सांगलीहून आलेला पाहुणा जेवण झाल्यावर परत एक तांब्या मागून घ्यायचा. दुष्काळाच्या साली कृष्णा वाळूत गेली, विहिरींना तळ दिसला, पण आमचा झरा चालू राहिला. सगळी आळी आमच्या परड्यातून घागरी भरून न्यायची आणि आण्णा, म्हणजे आमचे वडील, ओट्यावर बसून नुसते बघायचे. देणाऱ्यालाही एक माज असतो. आण्णांचा मिशीत दिसायचा.

मी सांगतोय ती दुष्काळ सरल्यानंतरच्या हिवाळ्याची गोष्ट. मागचा पाऊस चांगला झाला होता. तहानलेली झाडं अशी पिऊन घेतात की पुढच्या पानगळीत सगळं एकदम टाकतात. तळ्यावर एक उंबर होता. झाड शेजारच्या शिंद्यांच्या हद्दीत, फांद्या आमच्या पाण्यावर. शिंदे दर गुरुवारी त्याच्या बुंध्याशी दिवा लावायचे. त्यांच्या लेखी तो दत्ताचा उंबर, त्यांना फांदी तोडा म्हणायची सोय नव्हती. आणि समजा ते तयार झाले असते, तरी ओल्या फांदीवर कुऱ्हाड घालणं आमच्या घराला पटलं नसतं. दोन धर्मांनी मिळून ते झाड राखलं होतं, आणि दोघांच्या पुण्याचा केर आक्काच्या हातात येत होता.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी शाळकरी होतो. त्यानंतर मला न्हाऊ घालण्यापासून माझी पाटी पुसण्यापर्यंत सगळं तिनं केलं. कवठे महांकाळच्या बाजूला तिला दिली होती. नवरा काविळीनं गेला आणि ती परत आली. परत आलेल्या मुलीला घरात जागा असते, पण ती कुठली ते कुणी सांगत नाही. आपली आपण शोधावी लागते. आक्कानं तळ्याची पायरी शोधली.

आमच्यात पाणी गाळून घेतात. जाड फडकं दुहेरी करून. पण गाळून झालं म्हणजे काम झालं, असं नसतं. फडक्यावर जे राहतं, डोळ्यांना दिसो वा न दिसो, ते जीव असतात. फडकं उलटं धरून गाळलेल्याच पाण्यानं हळू धुवायचं आणि ते जीव जिथले तिथं, त्याच पाण्यात सोडायचे; वरून ओतायचे नाहीत, भांडं पाण्याला टेकवून सोडायचे. हे सगळ्या घरांत करतात, कुणी मनापासून, कुणी उरकून. आक्का मनापासून करायची. तिनं हाच नियम पानांना लावला होता.

उजाडून चांगलं दिसायला लागलं की ती पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहायची. एक पान उचलायची, पाण्याखालीच उलटं करायची, हलकेच हलवायची, पाठीला चिकटलेले जीव सुटू द्यायची, मगच ते टोपलीत टाकायची. उंबराच्या पानावर फोड असतात आणि फोडात किडा असतो, म्हणून तसली पानं वेगळी, ती झाडाखाली सावलीत नेऊन ठेवायची. वर कोवळं ऊन, पाण्यातून वाफ निघतेय, कुठंतरी गुऱ्हाळाचा वास, आणि एक बाई पानांची तोंडं धुतल्यासारखी पानं धुतेय. मला ते दृश्य फार सुंदर वाटायचं. आता त्या सुंदर वाटण्याचीसुद्धा चीड येते. मी काठावर होतो. कोरडा.

तिच्या पायांच्या बोटांत कायम चिखल्या. तळवे पांढरे, सुरकुतलेले, संध्याकाळी चुलीसमोर धरले की आतून ठणकायचे. ती बोलायची नाही, नुसती पाय सरकवत चुलीच्या जवळ जवळ जायची. मी तेव्हा बी.ए. होऊन सांगलीहून घरी आलो होतो, नोकरीच्या अर्जांची उत्तरं येत नव्हती, आणि ती मला पाण्यातूनच चिडवायची, "एवढं शिकलास न्हवं, आता उंबराला इंग्लिशीत सांग की, पानं टाकू नगो म्हणून."

उपाय करून बघितले नाहीत असं नाही. सगळे फुकटातले. जुनं लुगडं चार खुंट्यांना ताणून बांधलं. रात्रीच्या दवानं ते ओलं होऊन मध्ये झोळ पडला आणि सकाळी सगळ्या पानांचा गोळा एकदमच पाण्यात. उसाच्या पाचटाचं छप्पर केलं. पानं थांबली, पाचटाचाच भुगा पडायला लागला. गोणपाट टाकलं, तर पाण्याला उबट वास मारायला लागला. आण्णांना मी एकदा म्हणालो की सांगलीच्या बाजारात बारीक तारेची जाळी मिळते, लाकडी चौकटीवर ठोकून घेतली की वर्षानुवर्षं बघायला नको. आण्णा पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "पानं काढायला पैसं कशाला? हात हायत न्हवं घरात."

हात आहेत घरात. कुणाचे ते बोलायची गरज नव्हती. त्याच वर्षी आण्णांनी बस्तीला नवी घंटा दिली होती. तिचा नाद नदीपलीकडं जातो असं लोक म्हणायचे आणि आण्णा ऐकून घ्यायचे. पुण्यकर्माला ऐकू जाणारी आणि ऐकू न जाणारी अशा दोन बाजू असतात, हे मला त्या घंटेनं शिकवलं. काटकसर हा आमच्या घराचा अलंकार होता. पण काटकसर कशाची करायची हे ठरवणारे कधी पाण्यात उतरलेले नसतात. ज्या हातांना मजुरी नाही ते स्वस्त. ज्या पायांना तक्रार नाही ते त्याहून स्वस्त.

सांगलीला कॉलेजात माझ्या बाकावर दत्तू बसायचा. भोयाचा मुलगा, बापाची कृष्णेत मासेमारी. एकदा अर्जाच्या कामासाठी सांगलीला गेलो तेव्हा घाटावर भेटला. बोलता बोलता मी पानांचं रडगाणं गायलो. दत्तू हसला. म्हणाला, गड्या, एवढंच न्हवं का, आमच्या बानं नायलॉनचं जाळं घेतलंय, जुनं सुताचं पडून हाय, घेऊन जा. बोट जाणार नाही असलं बारीक विणलेलं, नदीच्या पाण्यानं आणि उन्हानं तपकिरी झालेलं. काठाला शिशाचे मणी होते ते आम्ही दोघांनी घाटावर बसून कापले. पिशवीत भरून एसटीनं गावी आणलं. घरी आणि आळीत सांगितलं, तासगावकडच्या द्राक्षबागेतली जाळी आहे, टाकून दिलेली. आण्णांनी फुकट ना, एवढंच विचारलं.

ज्या घरात पाण्यातले न दिसणारे जीव हातानं परत सोडतात, त्या घराच्या पाण्यावर मी मासे धरायचं जाळं आणून टाकलं. शिकलेला होतो. सुताला काय जात असते, असं स्वतःशी म्हणालो. आजही म्हणतो. सुताचं काही चुकलं नव्हतं.

आक्कानं ते हातात घेतलं, नाकाशी नेलं.

"कुठनं आणलंस?"

"तासगावच्या बागंतनं."

"द्राक्षाला मासळीचा वास कवापास्नं यायला लागला रं?"

मी तिच्या पायांकडं बघितलं. तिनंही खाली, आपल्याच पायांकडं बघितलं. मग ते जाळं उचलून ती परड्याच्या टोकाला गेली. राख आणि रिठ्याच्या पाण्यात उकळून, दगडावर आपटून, वाळवून, पुन्हा उकळून, असं दोन-तीन दिवस तिनं ते धुतलं. आणि मला एवढंच म्हणाली, "आण्णांस्नी सांगू नगो. माझ्या ध्यानात हाय." पुढं काही दिवसांनी जेवताना लक्षात आलं की ती भाकरीवर तूप घेत नाही. विचारलं तर म्हणाली, नको वाटतंय. आमच्यात एखादं पाप झालं, किंवा झालंसं वाटलं, की माणूस एखादी चव सोडतो. माझ्या लबाडीचं प्रायश्चित्त तिनं तिच्या ताटातून कापून घेतलं होतं आणि मी त्याच पंगतीत भाकरीवर तूप ओतून घेत होतो.

तरी ते दिवस चांगले गेले. जाळ्यावर पानं साठायची, पिवळी, तपकिरी, फोडाफोडांची, मधून उंबरं. आणि खाली पाणी असं स्वच्छ की तळाचा दगड मोजून घ्यावा. आक्का सकाळी आणि सूर्य मावळायच्या आत जाळं सोडायची, पालथं करून झटकायची, चतुर किंवा माशी अडकली असली तर नखानं सोडवायची. पण काठावर बसून. तिचे पाय कोरडे राहिले. चिखल्या भरून आल्या. एका दुपारी ती पायरीवर बसून पाय उन्हात लांब करून नुसतीच बसली होती, काहीही करत नव्हती. तिला काहीही न करता बसलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली.

मग महाराज आले. दिगंबर मुनी चातुर्मास सोडला तर सदा चालत असतात; या गावाहून त्या गावी. दिवसातून एकदा उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात, पाणीसुद्धा तेव्हाच. गावातली घरं सोवळ्यात स्वयंपाक करून, कलश-नारळ घेऊन दारात उभी राहतात आणि महाराज आपल्या मनातल्या संकल्पानुसार कुठल्या तरी एका दारी थांबतात. आहार चालू असताना ओंजळीत केस निघाला, किडा निघाला, कुणा जिवाचा आकांत कानावर आला, की अंतराय होतो. तिथंच हात सुटतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. म्हणून या आहारासाठी गावातली बाकीची घरंसुद्धा आक्काकडूनच पाणी नेत. आक्कानं गाळलेलं पाणी म्हटलं की कुणी पुन्हा फडकं घालत नसे. गावानं तिला दुसरं काही दिलेलं नव्हतं, पण हा विश्वास दिला होता. ती त्याच्यावर जगत होती. हे मी अलंकारानं बोलत नाही.

त्याच दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. मुलीचे वडील, मुलगी आणि तिची आत्या. आहाराच्या पुण्यात सहभागी होऊ आणि मुलगाही बघू, असा त्यांचा बेत. आण्णांनी मला इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता.

आक्का पहाटे न्हाऊन सोवळ्यात होती. आता तिला परड्यातल्या कशालाही शिवता येणार नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतूनच ती मला म्हणाली, "तेवढं जाळं काढून ठेव. महाराजांच्या वक्ताला नगो ते पाण्यावर." मी हो म्हणालो. परड्याकडं निघालोही होतो. तेवढ्यात दारात पाहुण्यांची बैलगाडी वाजली आणि मी मागं फिरलो, आरशात केस बघितले आणि पुढं गेलो. मुलगी खाली उतरत होती. मी जाळं विसरलो. किती साधं आहे बघा. एखादी मोठी लबाडी असती तर निदान तिच्याशी भांडता आलं असतं. मी नुसता विसरलो, केस नीट करताना.

महाराज आमच्या दारी थांबले. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आहाराला उजेड हवा म्हणून परड्याचं दार सताड उघडं होतं. महाराज पाटावर उभे, ओंजळ पुढं केलेली. आक्कानं पहिलं पाणी सोडलं. दुसरं सोडलं. आणि परड्यातून एक आवाज आला.

जाळ्यावरच्या उंबराला चोच मारायला बुलबुल उतरला होता आणि त्याचे पाय सुतात गुरफटले होते. पक्षी इतका लहान, पण ओरडणं सगळं घर भरून टाकणारं. महाराजांनी मान वळवली. उघड्या दारातून त्यांना ते पंख दिसले. त्यांनी ओंजळ हळूच सोडली. कुणाला दोष दिला नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. खाली बसले, मग कमंडलू घेऊन बस्तीकडं चालू लागले. वर ऊन चढत होतं.

पुढचं मला रागावल्याशिवाय लिहिता येत नाही. सगळी मंडळी परड्यात आली. आण्णा, पाहुणे, शेजारपाजारचे, आणि नेमगोंडा तात्या. तात्या बस्तीचा कारभार बघायचे, गावातल्या जैन घरांचा शब्द त्यांच्या तोंडात. अंतराय झाला, घराला दोष लागला, आता काय करायचं, सगळे एकदम बोलत होते. आणि बुलबुल अजून लटकत होता. हिंसा घडली, हिंसा घडली, असं पक्ष्यापासून दोन हातांवर उभं राहून म्हणत होते आणि त्याला सोडवायला एकाचाही हात पुढं झाला नाही. माझाही नाही. सोवळं मोडून आक्का आली. पायरीवर बसली. एका हातानं पाखरू मुठीत धरलं, दुसऱ्या हाताच्या नखानं एकेक धागा काढत राहिली. ते सुटलं, तिरकं उडत उंबरात शिरलं.

तेवढ्यात तात्यांनी जाळ्याचा काठ उचलला. माझ्या आणि दत्तूच्या हातून शिशाचा एक मणी कापायचा राहिला होता.

"द्राक्षाला शिसं कशाला लावत्यात?" तात्या म्हणाले. "हे मासं धरायचं हाय. कुणी आणलं हे?"

मुलीचे वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या अंगाला कापराचा वास येत होता, अजून येतो. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी द्राक्षबाग म्हणालो होतो ते त्यांना आठवलं असणार. माझं तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. नुसतं उघडलं होतं.

"मी आणलं," आक्का म्हणाली. "बाजारात भोयाच्या बाईकडनं घेतलं. ह्याला सांगितलं, द्राक्षाचं म्हण."

"कशापायी?" आण्णा म्हणाले.

"पाण्यात उतरून पाय दुखत्यात माझं."

एवढ्या वर्षांत ती पाय दुखतात हे पहिल्यांदा बोलली होती. आणि ते गुन्ह्याच्या कबुलीत बोलली. सगळ्या खोट्यात तेवढं एकच खरं होतं आणि त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "आजपास्नं ह्या घरातल्या पाण्याला हात लावू नगंस." तात्यांनी मान डोलावली. मंडळी पांगली. मुलीचे वडील जाताना मला पाठीवर थोपटून म्हणाले की घराचं वळण चांगलं हाय, बाईमाणसाचं चुकतं कवा तरी. लग्न ठरलं.

आक्का महिनाभर घरात होती. तळ्याच्या बाजूचं दार तिच्यासाठी बंद. प्यायचं पाणी तिला दुसऱ्यानं वरून ओतून द्यायचं. लोक पाणी न्यायला यायचे ते आता स्वतःचं फडकं घेऊन. चैत्रात तिचा दीर आला आणि ती त्याच्याबरोबर कवठ्याकडं गेली. कोरडं रान, उन्हानं तडकलेले बांध, मैलभरावरून डोक्यावर घागर. ज्या बाईच्या हातचं पाणी गाव निवांत प्यायचं, ती त्यानंतर आयुष्यभर पाण्याच्या मागं चालली.

आणि ती गेल्यावर आमच्या परड्यात काय झालं? तारेची जाळी आली. सांगलीहून, सागवानी चौकटीसकट. हात उरले नव्हते ना घरात. आण्णांनी स्वतः उभं राहून ती बसवून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली, बघा, एक पान पडत न्हाई आत. मी तिथंच होतो. होय म्हणालो.

लग्नात ती आली होती. मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला. गर्दी ओसरल्यावर मी तिच्यापाशी गेलो आणि दबक्या आवाजात विचारलं, तू असं का केलंस. ती माझ्या मुंडावळ्या सारख्या करत म्हणाली, "तुझं लगीन व्हायचं हुतं. माझं काय व्हायचं राह्यलं हुतं?"

मला तिचा राग आला. हे आता लिहायलाच हवं. कृतज्ञता नंतर आली, फार नंतर. त्या क्षणी राग आला. मला न विचारता तिनं मला वाचवलं, आणि त्या वाचवण्यात माझी खरं बोलायची वेळ कायमची उचलून नेली, असं मी स्वतःला समजावलं. कितीतरी वर्षं समजावलं. माझ्या भित्रेपणाचं खापरसुद्धा मी तिच्याच डोक्यावर ठेवलं, घागरीच्या वर. वेळ तिनं नेली नव्हती. वेळ रोज होती. साताऱ्यात नोकरी लागली तेव्हा होती, मुलगा झाला तेव्हा होती, आण्णांनी पाणी मागितलं त्या संध्याकाळी होती. मी दरवेळी उठून दुसऱ्याच कामाला लागलो.

माझी बायको चांगली आहे. आक्का आली की तिचे पाय चेपते, जाताना पिशवी भरून देते. आणि वर्षातून एकदा तरी, कुणी जुन्या गोष्टी काढल्या की, त्या दिवसाची हकिकत सांगते. ती स्वतः तिथं होती, तिनं बुलबुल बघितला, महाराजांचे हात सुटताना बघितले. चांगली सांगते. शेवटी म्हणते, आक्का मनानं देवमाणूस, पण तेवढं त्यांचं चुकलंच. मी समोर बसलेलो असतो. सुपारी कातरत असतो किंवा चष्मा पुसत असतो. म्हणजे ते एकदाच घडलं आणि संपलं असं नाही. ते दरवर्षी घडतं, माझ्या घरात, माझ्या देखत, आणि मी दरवर्षी तोंड उघडतो नि मिटतो. गेल्या दिवाळीत ती हकिकत सुनेला सांगून झाली. आता सुनेच्याही डोक्यात आक्का म्हणजे जाळं आणणारी बाई.

मघा मुलगा आत येऊन गेला. त्यानं कुठूनसं हिरवं नायलॉनचं जाळं आणलंय. बाबा, हे चालेल का, म्हणाला. जरा बिचकतच विचारलं त्यानं. मी म्हणालो, टाक, पण रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः काढून बघत जा, दुसऱ्याला सांगू नकोस. तो बरं म्हणाला. राग कुणावर होता त्याला कळलं नसणार.

हे छापून येईल, पण त्यानं काही फिटत नाही. आक्काला वाचता येत नाही, आमच्या गावात हे मासिक जात नाही, आणि बायको माझं लिहिलेलं वाचत नाही. नेमगोंडा तात्या अजून आहेत. खाटेवर असतात, पण कान शाबूत आहेत. आक्का कवठ्याला आहे. तिला गावी घेऊन जायचं, तात्यांच्या खाटेपाशी बसवायचं, बायकोला आणि मुलाला सोबत उभं करायचं, आणि जाळं कुणी आणलं हे तिच्यासमोर माझ्या तोंडानं सांगायचं. एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.